चौकट पलटवायची असते

पन्नाशी उलटल्यावर माणसाने सॉफ्टबॉलची अंपायरगिरी करू नये. गुडघे वाकवून कॅचरच्या मागे उभं राहायचं, चेंडूवर एक डोळा आणि बॅटरच्या पावलांवर दुसरा ठेवायचा, आणि वर दोन्ही संघांची बोलणी खायची. पण आमच्या रायपुरात नियम पाठ असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. दरवर्षी फोन येतो, दरवर्षी मी ठरवते की नाही म्हणायचं, आणि दरवर्षी हो म्हणून बसते.

मी सरकारी शाळेत खेळाची शिक्षिका. मतदार यादी घेऊन दारोदार हिंडायचं कामही माझ्याच गळ्यात असतं. त्या निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात मी भनपुरीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. ट्रकांची धूळ अजून नाकात होती आणि पाय माझे आहेत असं वाटतच नव्हतं.

चाचणी गुढियारीच्या मैदानावर होती. त्यातून राज्याच्या संघासाठी मुली निवडायच्या होत्या, आणि त्यात माझ्या शाळेतली एक मुलगी होती. बारावीतली, डावखुरी, बोलायला कंजूष. तिच्या घरचे मूळचे भंडाऱ्याकडचे, घरात मराठी, पण मी मराठीत विचारलं तरी ती उत्तर हिंदीतच द्यायची. वयाच्या नियमाप्रमाणे तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा नाव लागलं नाही तर संपलं.

तिला मी एकच गोष्ट तीन वर्षं शिकवली होती. डावखुऱ्या बॅटरने चेंडू येताना उभं राहायचं नाही, पिचरच्या दिशेने पावलं टाकत यायचं आणि पळता पळताच बॅट लावायची. पहिला बेस गाठायला तेवढाच वेळ वाचतो. यात सगळा खेळ पावलांचा आहे. बॅटरसाठी चुन्याने आखलेला चौकोन म्हणजे बॉक्स; बॅट लागते त्या क्षणी अख्खं पाऊल त्याच्या रेघेबाहेर जमिनीवर टेकलेलं असेल, तर बॅटर बाद. टाच रेघेला लागून असली तरी चालतं, रेघ बॅटरचीच असते. रोज शाळा सुटल्यावर ती ही पावलं टाकायची. शेवटी तर रेघेकडे न बघताही तिचा पाय रेघेच्या आतच पडायचा.

आता त्या रेघांबद्दल. बॉक्स आखायला माझ्याकडे लाकडाची चौकट आहे, सात फूट लांब, तीन फूट रुंद. रेल्वेत सुतारकाम करणाऱ्या माझ्या बाबांनी ती मला नोकरी लागली तेव्हा करून दिली होती. एका लांब पट्टीवर खाच आहे. खाच प्लेटच्या, म्हणजे दोन बॉक्सच्या मधे जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीच्या, मधोमध आली की पिचरकडे चार फूट पडतात आणि कॅचरकडे तीन. उजव्या हाताच्या बॅटरचा बॉक्स आखला की तीच चौकट प्लेटच्या दुसऱ्या बाजूला न्यायची. तिथे ती पलटवून ठेवायची, नुसती फिरवायची नाही. फिरवली तरी खाच प्लेटपाशीच येते, दिसायला सगळं बरोबर दिसतं, पण चार फूट मागे जातात आणि तीन पुढे येतात. बाबांनी हे मला अंगणात दहा वेळा करून दाखवलं होतं. "पोळी पलटवतो ना आपण, तशी पलटव. फिरवू नको व," असं म्हणायचे. मी चिडायचे. मले काय समजत नाही का, म्हणायचे.

त्या सकाळी चौकट एका बाजूने मी धरली होती, दुसऱ्या बाजूने मैदानाच्या चौकीदाराने. चुना टाकून झाला तेव्हा माझी कंबर धरली होती. मी पाणी प्यायले आणि मास्क चढवला.

तिची पहिली पाळी आली. ती झेपावत आली, बॅट लागली, चेंडू शॉर्टस्टॉपच्या हाताखालून निसटून मागे गेला. सुंदर फटका. पण तिचं पुढचं पाऊल रेघेपलीकडे पडलेलं मला स्वच्छ दिसलं. डावखुरी ती एकटीच, त्यामुळे तो बॉक्स कोणी तुडवला नव्हता आणि पुढची रेघ कोरीकरकरीत होती. मी हात वर केला आणि तिला बाद दिलं. खरं सांगते, हात जरा जास्तच वर केला. माझ्या शाळेची मुलगी, कोणी मॅडम सांभाळून घेतात म्हणू नये! मनातून मला माझा अभिमानच वाटला. तिने एकदा पायाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बॅट उचलून परत गेली.

दुसऱ्या पाळीत ती पाऊल आखडून आली. बॅट उशिरा फिरली आणि चेंडू घरंगळत थेट पिचरकडे गेला. दुपारी नावं वाचून दाखवली. तिचं नव्हतं.

मुली पांगल्यावर मी चौकट उचलायला प्लेटपाशी गेले. पिचरच्या जागेवरून चालत आले म्हणून दिसलं. उजव्या बॉक्सच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण अंदाज येत होता. तो पुढे होता. डावा बॉक्स त्याच्यापेक्षा फूटभर मागे सरकलेला होता. मी पावलं जोडून मोजलं, परत मोजलं. मग तिथेच मातीत बसले. दुसऱ्यांचे पाय तपासण्यात आयुष्य गेलं आणि दिव्याखालीच अंधार! एका फुटाची चूक होती आणि ती सगळी त्या पोरीच्या वाट्याला आली होती.

निवड करणारे तिघे गाडीपाशी चहा पीत होते. मी जाऊन सांगितलं. थोरले म्हणाले, "मैडम, लिस्ट तो पढ़ दी। किसी ने आपत्ति नहीं की, आप काहे अपने ऊपर ले रही हैं?" मी म्हटलं, चूक माझीच आहे, लेखी देते. वहीचं पान फाडून लिहून दिलं, खाली सही केली. त्यांनी कागद दुमडून खिशात घातला आणि म्हणाले, "देखते हैं।" आमच्याकडे 'देखते हैं' चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

ती कडुनिंबाखाली बॅगेवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. मी समोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चौकट फिरवली, पलटवली नाही. तुझं पाऊल बरोबर होतं. लेखी दिलंय, पण काही होईल असं वाटत नाही. वाटलं, ही आता रडेल नाही तर चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मुझे बॉक्स छोटा लगा था, मैडम," ती म्हणाली. "पैर रखते ही लगा।"

"मंग बोलली काहून नाही?" माझा आवाज चढला. "तिथंच सांगायचं ना मले!"

तिने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"बॉक्स आपने बनाया था न," ती म्हणाली. "मुझे लगा, मेरा ही पैर गलत है।"