नाहीतरी जाळायचाच होता

गणपतीपुळ्याच्या अलीकडे माझ्या घराच्या काही खोल्या मी पर्यटकांना देतो. समुद्रात डुंबून आलेल्या माणसाला भर मे महिन्यातही कढत पाणी लागतं. गॅस परवडेना, म्हणून मोठा बंब बसवला. साधा नव्हे, पंखा असलेला, पालापाचोळा खाणारा. त्याआधी रत्नागिरीत एका शिबिराला गेलो होतो. वक्ता म्हणाला, उद्याची उष्णता जैवइंधनातून येणार, आणि कोकणात ते पायाखाली पडलंय. मी लगेच पायाखाली बघितलं. फरशी होती, पण मुद्दा पटला.

घरी आलो तर शेजारी वहिनीच्या शेतात पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, दिसला. थोरला भाऊ जहाजावर, शेती वहिनीच बघते. लावणीच्या रोपांसाठी भाताचा तरवा जिथे पेरायचा, त्या तुकड्यावर तिने शेण, तोडलेल्या फांद्या आणि वर वाळलेली पानं असा थर लावून ठेवला होता. ही भाजावळ. सगळं जागच्या जागी पेटवायचं, जमीन भाजायची; तण मरतं, राख मिळते. हे मला लहानपणापासून ठाऊक. ठाऊक होतं म्हणूनच घोटाळा झाला. म्हटलं, नाहीतरी ती जाळणारच आहे, जाळण्याची जागा तेवढी बदलू. धग पाहुण्यांना, राख वहिनीला. वहिनी माहेरी मंडणगडला गेली होती. मी पोती भरली. शेण तेवढं ठेवलं. तेवढा सभ्यपणा माझ्यात आहे.

बंब झकास चालला. वहिनी परतली तेव्हा मी राखेचं घमेलं घेऊन बांधावर हजर.

"हे काय, भावोजी?"

"तुझी भाजावळ. तयार आणलीय."

"आणि जमीन कोण भाजणार? तुम्ही वर बसून?"

पेरणी तोंडावर आलेली. न भाजलेल्या जमिनीत तरव्याआधी तण वर येणार, आणि तरवा गेला की तिचा वर्षाचा भात गेला.

"आणतो गं पातेरा. त्यात काय!"

ओळखीच्या सगळ्या आंबाबागा फिरलो. सगळ्या झाडून लख्ख. एक बागवाला हसला. "कुठं असता तुम्ही? आता कांडीवाल्यांची गाडी येते. पान ठेवत नाही." पाचोळा दाबून बॉयलरसाठी कांड्या करणारा कारखाना जवळच निघाला होता. वक्त्याचा 'उद्या' आमच्याकडे कालच येऊन गेला होता.

शेवटी त्याच कारखान्यातून कांड्यांची पोती आणली आणि वहिनीच्या शेतात बसून हातोडीने फोडू लागलो. दगड बरा. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"छान. पानांच्या कांड्या करायला कारखाना, आणि कांड्यांची पानं करायला आमचे भावोजी."

शेणावर तो भुसा पसरून तिने पेटवलं. मधोमध धुमसत नीट भाजलं. कडेला नुसताच धूर. तरवाही तसाच उगवला. मध्ये हिरवागार, कडेला तणात हरवलेला. कडा वाचल्या तर लावणीला पुरेल, असं वहिनी म्हणाली, आणि कडा माझ्याकडे दिल्या.

मी वाकून तण उपटत होतो तेव्हा एक पाहुणा खांद्यावर टॉवेल टाकून बांधापर्यंत आला. "काका, गरम पाणी मिळेल का?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "मिळेल की. एवढी कड निवडून होऊ दे त्यांची."