विमलताईंचे काऊबॉय बूट

तबेल्यात दोन गोष्टींचे ढीग रोज वाढत जातात. एक लिदीचा आणि दुसरा किश्शांचा. लीद विमलताई शेतात टाकतात, तिच्यावर तूर झकास येते. किस्से मात्र कुणी उचलत नाही. मग ते माझ्यासारख्या वकिलालाच उचलावे लागतात!

विमलताईंचा तबेला अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडे जाताना लागतो. पत्र्याचं छप्पर, मोजके घोडे आणि पुढे मोकळं काळं रान. ताई शाळेत पी.टी. शिकवायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी तशीच ठेवली आणि पोरांच्या जागी घोडे उभे केले. वरातीसाठी घोड्या तयार करायच्या, बिथरलेले घोडे ताळ्यावर आणायचे आणि सकाळी आमच्यासारख्या ढेरीवाल्यांना रपेट शिकवायची, हा त्यांचा उद्योग. यातलं सगळ्यात अवघड काम कोणतं, हे त्या आमच्या तोंडावर सांगतात.

*

बुटांचं प्रकरण सुरू झालं ते एका पाहुण्या घोड्यामुळे. शिकवायला आणलेला आडदांड गडी! पाणी पाजताना कशाला तरी दचकला, उधळला आणि उतरला तो थेट ताईंच्या उजव्या पायावर. ताईंच्या पायात साधी स्लिपर. पंजाची हाडं मोडली.

अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो, स्लिपर घालून घोड्याजवळ जाता?"

ताई कण्हत म्हणाल्या, "त्याच्या पायात लोखंडाची नाल, माह्या पायात रबराची चप्पल. तयारी त्याचीच जास्त होती जी!"

हाडं जुळली, पण जरा वाकडी. दुपारपर्यंत पाय साथ द्यायचा, मग सुजून पोळीसारखा फुगायचा. ताईंचा मुलगा प्रशांत अकोल्यात मेडिकल स्टोअर चालवतो. वडील गेल्यापासून तो आईला अकोल्याला बोलावतो आहे. आता त्याला मुद्दाच सापडला. म्हणाला, "आई, दसऱ्याले मी येतो. घोड्याईची पूजा करू. तोपर्यंत तुहा पाय दिवसभराचं काम करू लागला तं ठीक. नाई तं घोडे विकू, अन् तू माह्यासंग अकोल्याले चाल."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "वकीलसाहेब, याच्यावर स्टे भेटते काय?"

मी म्हटलं, "स्टे नाही ताई. पण तारीख चांगली लांबची मिळाली आहे."

त्यावर त्या हसल्या, पण त्यांचा हात शेजारच्या लाली घोडीच्या मानेवरून हलला नाही. घोडे गेले तर ही बाई अकोल्याच्या फ्लॅटमध्ये काय करेल, या विचारानं मलाच कसंतरी झालं.

*

पहिले बूट प्रशांतनंच पाठवले. पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज, आत स्पंज, वर जाळी. ताई ते घालून लालीचा खरारा करायला गेल्या. लालीनं मागचे पाय फाकवले आणि निवांतपणे आपलं उरकून घेतलं. सगळं जाळीतून आत!

संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. "कसे हायेत बूट?"

"आरामाचे हायेत बाप्पा," ताई म्हणाल्या, "पण त्याईले तहान लय लागते."

मग गमबूट आले. आत काही शिरायचं नाही हे खरं, पण आतलं बाहेरही निघायचं नाही. एका संध्याकाळी सुजलेला पाय त्यातून सुटेना. ताईंनी खाट धरली, मी बूट धरला आणि जीव खाऊन ओढला. बूट निघाला तेव्हा मी पाठीवर होतो, लिदीच्या ढिगात!

ताई डोळे पुसत म्हणाल्या, "चला, वकीलसाहेबाईचा हातभार लागला एकदाचा!"

*

अकोल्याच्या शोरूमचा किस्सा तर मी बार रूममध्ये दर महिन्याला सांगतो.

ताई मला घेऊन मुद्दाम संध्याकाळी गेल्या, कारण तेव्हा पाय सुजलेला असतो. "सकायच्या पायाच्या मापानं बूट घेतला तं संध्याकाळचा पाय कुठी ठेवू?" हा त्यांचा सवाल. जाड मोजे घरूनच घालून आल्या होत्या.

टाय घातलेल्या सेल्समननं तपकिरी बूट काढले. "प्युअर लेदर मॅडम! एकदम ड्युरेबल!"

ताईंनी बूट घातले. चालल्या. उकिडव्या बसल्या. चवड्यावर उभ्या राहिल्या. मग शोरूमच्या मधोमध खोटं फावडं घेऊन खोटी लीद उचलू लागल्या. गिऱ्हाईकं आपापली खरेदी सोडून बघत उभी! सगळं झाल्यावर त्यांनी चांगला पाय, म्हणजे डावा, पुढे केला.

"ये बाबू, याच्यावर उभा राय."

"कशावर, मॅडम?"

"माह्या पायावर."

"मॅडम, असं कसं..."

"काहून? घोडा काय इचारून पाय ठेवते? राय उभा!"

पोरगं घाबरत घाबरत उभं राहिलं. कातडं पापडासारखं बसलं. ताईंनी ओठ आवळले, बूट काढून त्याच्या हातात दिले आणि पी.टी.च्या आवाजात निकाल सांगितला, "फेल!"

आम्ही दाराशी पोहोचलो तर तो मागून धावत आला. "मॅडम, बूट फेल. मी पास ना?"

"तू पास! वजन वाढव थोडं."

*

बुटाची खरी उकल झाली ती माझ्या फजितीतून. मी ट्रेकिंगचे महागडे बूट घेतले होते. तळाला अशा खोल खाचा की डोंगर चढावा! पण वऱ्हाडातल्या काळ्या मातीला खाच दिसली की ती मुक्कामालाच येते. पावसाळी सकाळ होती. गेटपासून घोड्यापर्यंत जाईस्तोवर माझी उंची वाढली आणि चाल हत्तीची झाली.

तसाच मी तुफानवर चढलो. तुफान हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, त्याला चालायचासुद्धा कंटाळा आहे. रपेट झाली, उतरायला गेलो तर पाय रिकिबीतून निघेना. चिखल, खाचा आणि रिकीब यांची पक्की गाठ बसली होती. तिकडे कोर्टात अशील वाट बघतोय, इकडे मी घोड्यावर नवरदेवासारखा बसून!

ताई खुरपं घेऊन आल्या आणि माझा बूट निंदायला लागल्या.

कोर्टात पोहोचलो तेव्हा साहेबांनी उशिराचं कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. अख्खं कोर्ट हसलं, साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढची तारीख दिली, आणि नंतर चेंबरमध्ये बोलावून हळूच तबेल्याचा पत्ता विचारला.

ताई मात्र त्या दिवशी विचारात पडल्या होत्या. माझी मुलगी सोबत आली होती, तिला म्हणाल्या, "तळ सपाट पायजे, चामड्याचा. टाच उंच, म्हंजे पाय रिकिबीतून पुढं घसरत नाई. लेस नको. अन् कातडं पोटरीपर्यंत. असा बूट कुठी भेटते काय, पाह्य बरं."

मुलीनं मोबाईलवर शोधलं आणि किंचाळली, "आजी, हे तर काऊबॉय बूट!"

ताईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. "काऊबॉय म्हंजे गुराखीच ना? मंग बरोबर हाये. गुराखी काई फॅशनसाठी बूट घालत नाई."

*

असे बूट शिवणार कोण? तर अकोल्याचे हनीफभाई. लगाम, खोगीर आणि वरातीच्या घोड्यांचे साज यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

फोटो बघून ते म्हणाले, "ताई, बेफिकीर रहो. ऐसा बूट बनाऊंगा के दुनिया देखेगी!"

दुनियेनं पाहिलंच. लाल मखमल, जरीची वेलबुट्टी, पोटरीला गोंडे आणि टाचेवर बारीक आरसे! घोडा म्हटलं की वरात, एवढंच हनीफभाईंना ठाऊक. ताई ते घालून पाण्याची बादली घेऊन लालीपुढे गेल्या. लाली वरातीची शिकाऊ घोडी. जरी चमकली की नाचायचं, एवढंच तिला ठाऊक. तिनं असा ठेका धरला की बादली उपडी, ताई भिंतीला चिकटलेल्या आणि मी खाटेवर चढलेला!

बूट घेऊन आलेले हनीफभाई छाती फुगवून म्हणाले, "देखा? घोडी को पसंद आया!"

दुसरा जोड मात्र त्यांनी मन लावून केला. जाड तपकिरी कातडं, सपाट तळ, तिरपी टाच. ओल्या मातीत ताईंच्या वाकड्या पंजाचा ठसा घेतला आणि आत तशीच चामड्याची गादी बसवली. ताईंनी पाय घातला, चार पावलं टाकली, आणखी चार टाकली. मग म्हणाल्या, "हनीफभाई, माहा पाय मले वापस भेटला."

ते ऐकून हनीफभाईंनी पहिल्यांदाच स्वतःची तारीफ केली नाही.

*

नवा बूट घालून ताई लगेच घोड्यावर बसल्या नाहीत. "आधी बुटाले काम शिकवा लागते," म्हणाल्या. त्या बुटांनी झाडू मारला, लीद उचलली, चारा आणला, आठवडी बाजार केला. ताई दिवसेंदिवस जास्त वेळ उभ्या राहू लागल्या आणि आम्ही रपेट सोडून त्यांच्या पायाकडेच बघू लागलो.

महालक्ष्म्यांच्या जेवणालासुद्धा ताई इरकली लुगड्याखाली तेच बूट घालून गेल्या. दारात चपलांच्या ढिगाशेजारी काढून ठेवले. जेवून बाहेर येतात तर बूट जागेवर नाहीत. ओट्यावर बायकांची रांग आणि एकेक जण पाय घालून बघते आहे!

एक म्हातारी काकू त्यात उभी राहून, कमरेत वाकून, गंभीरपणे म्हणाली, "विमल, याच्यात कापूस येचाले लय बरं पडंन वं!"

हनीफभाईंकडे आता कापूस वेचायच्या बुटांची चौकशी येते.

*

दसरा उजाडला. घोड्यांना आंघोळी झाल्या, गळ्यात झेंडूच्या माळा आल्या. प्रशांत नवा कुर्ता घालून आला. सोबत पेढे होते, आणि घोडे बघायला एक गिऱ्हाईकही होतं.

ताई पहाटेपासून उभ्या होत्या. दिवस कलला तरी बसल्या नव्हत्या. प्रशांतला ते दिसत होतं, पण तो माघार घेईना. "उभी राह्यली, मान्य. पण घोड्यावरचं काय?"

ताईंनी लालीवर खोगीर कसलं आणि चढल्या. पाय मोडल्यापासून पहिल्यांदाच. पहिला फेरा सुरेख झाला. दुसऱ्या फेऱ्यात गावाकडून फटाक्यांची लड वाजली, लाली बिचकून आडवी उडाली आणि ताई उजवीकडे कलंडल्या. उजवा पाय रिकिबीतच. लाली सुसाट!

"आई!" प्रशांत जीव तोडून ओरडला.

पण लाली पुढे गेली आणि ताई मागे राहिल्या. काळ्या मातीत उताण्या. रिकिबीला लोंबत गेला तो नुसता बूट.

आम्ही धावलो. ताई उठून बसल्या होत्या आणि मोज्यातली बोटं हलवून बघत होत्या. "पाह्यलं? लेस असती तं मी बी गेली असती फरपटत. पाय कसा अल्लद निंगाला!"

लाली तुरीत जाऊन थांबली होती. प्रशांत चालत तिथं गेला, तिचा लगाम धरून तिला परत आणलं, रिकिबीतून बूट सोडवला आणि नव्या कुर्त्यानिशी आईसमोर मातीत बसला.

गिऱ्हाईक खाकरलं. "मंग भाऊ, घोड्याईचं कसं करता?"

प्रशांतनं मान वर केली नाही. बूट उपडा करून आतली माती झटकली आणि म्हणाला, "आई, पाय दे."