ऐकून घेणाऱ्या खासदारबाई

ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये अपंगांची बाजू मांडणाऱ्या त्या खासदार, स्वतः व्हीलचेअरवर. आमच्या रीडिंग शहरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये मी त्यांना एकदाच भेटले. स्ट्रोकनंतर माझ्या नवऱ्याला मिळणारा भत्ता नव्या कायद्याने बंद होणार होता, म्हणून आम्ही दोघं गेलो होतो.

त्याचा एकेक शब्द अडत होता. त्याचं वाक्य मी पुरं करायला गेले, तर बाईंनी मला थांबवायला नुसता हात वर केला. त्यांना भेटायला आलेल्यांची आमच्या मागची रांग दारापर्यंत पोचली होती. तरी हनुवटी तळव्यावर टेकवून त्या त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबल्या.

मग म्हणाल्या, "कायदा परवाच पास झाला. मी विरोधात बोलले. सगळ्यांनी जवळ येऊन भाषणाचं कौतुक केलं आणि मत मात्र कायद्याच्या बाजूने दिलं. तुम्हाला खोटी आशा नाही दाखवत."

"पुन्हा... बोलाल?" त्याने विचारलं.

"बोलेन," त्या म्हणाल्या, पण आमच्याकडे न बघता.

मी भांडायच्या तयारीने गेले होते. बाहेर पडल्यावर कुणाशी भांडायचं तेच कळेना.

बसमध्ये आमचा स्टॉप जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "फार... दमल्यात त्या."