दिनकररावांनी सांभाळून घेतलेली बारा गाणी

दिनकरराव कुणाची चूक दाखवत नसत, ती गुपचूप दुरुस्त करत. दिल्लीत चौतीस वर्षं त्यांनी एका कॅसेट कंपनीत ध्वनिमुद्रणाचं काम केलं. भजनं, आरत्या, लग्नाची गाणी. नवखा गायक माइकसमोर आला की घाबरून लय पळवतो, हे त्यांना पाठ होतं. मग ते वेगाचं बटण जरासं मागे घेत, आवाजातला कर्कशपणा उतरवत आणि गायकाला पत्ताही लागू देत नसत. "कलाकाराला कशाला ओशाळं करायचं?" असं ते वीणाताईंना, म्हणजे बायकोला, सांगत. कंपनी बंद पडली तेव्हा तिथली चार यंत्रं ते घरी घेऊन आले. दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या फ्लॅटमधली अर्धी भिंत त्या यंत्रांनी अडवली, आणि गेली अकरा वर्षं त्यांच्यावर फक्त वीणाताईंचं फडकं फिरत होतं.

त्यामुळे नात कृतिका साठ कोऱ्या कॅसेट घेऊन आली तेव्हा दिनकररावांना आतून बरं वाटलं, पण बोलले ते भलतंच.

"आता कॅसेट कोण ऐकतं गं?"

"जास्त कोणी नाही, आजोबा. पण आमच्यात पहिला रेकॉर्ड कॅसेटवरच काढतात. रविवारी चारला शो आहे. दुसऱ्या बँडचे लोक येणार आहेत, ते बिल्कुल ऐकणार. प्लीज ना यार."

"आजोबांना यार म्हणते," स्वयंपाकघरातून वीणाताई म्हणाल्या.

कृतिका दिल्लीतच मुनिरक्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची, एम.ए. करायची आणि ड्रम वाजवायची. बँडचं नाव 'नो पार्किंग'. रेकॉर्डचं नाव 'मोटर बंद करो', कारण पाण्याची मोटर चालू राहिली की घरमालक रोज सकाळी जिन्यातून हेच ओरडायचा. हार्डकोअर पंक, रॉकचाच एक प्रकार, ती म्हणाली. बारा गाणी, सगळी मिळून पावणेचौदा मिनिटं. कॅसेटची एक बाजू पंधरा मिनिटांची. पेन ड्राइव्ह ठेवून ती गेली.

दिनकररावांनी हेडफोन लावला आणि तिसऱ्या सेकंदाला काढला. पुन्हा लावला. गिटार फाटत होती. अवनी नावाची ती गाणारी मुलगी कुणीतरी पर्स पळवल्यासारखी किंचाळत होती. आणि कृतिकाचे ड्रम! पोरगी नुसती धावत होती. एक गाणं संपून दुसरं कधी लागलं, तेही कळत नव्हतं. 'घाबरली,' त्यांच्या मनात आलं. 'पहिलाच रेकॉर्ड, माइक बघून घाबरली.' त्यांना फार माया वाटली.

दोन दिवस त्यांनी जेवणाच्या वेळा पाळल्या नाहीत. वेग दहा टक्के उतरवला. आवाज मोजणारा काटा लाल पट्ट्यात जाणार नाही, इतका आवाज खाली आणला. गाण्यागाण्यांत नियमाप्रमाणे तीन सेकंदांची शांतता ठेवली. बारावं गाणं तटकन तुटलं आणि त्याच क्षणी कॅसेटही संपली. सगळीच गाणी अशी तुटत होती. 'अगदी मापात बसवलंय मुलांनी,' असं म्हणून त्यांनी कौतुकाने मान डोलावली. मग तीन-तीन करून साठ प्रती काढल्या.

रविवारी बारा वाजता कृतिका आली. तिने एक कॅसेट लावली आणि उभ्याउभ्याच ऐकू लागली. दुसऱ्या गाण्यापर्यंत तिचा चेहरा उतरला.

"आजोबा, मशीन स्लो आहे का?"

"नाही गं. मीच केलं." आता सांगायला हरकत नव्हती. "तुझी लय सुटत होती थोडी. होतं असं. सांभाळून घेतली."

"सुटत नव्हती!" ती ओरडली. "आठ महिने मेले मी त्या स्पीडसाठी. हे बघा." तिने तळहात पुढे केले. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते. "लोक म्हणायचे, मुलगी आहे, एवढं फास्ट नाही वाजवू शकत. आता हे ऐकून काय म्हणतील?"

टेप पुढे सरकवून तिने शेवट लावला. बारावं गाणं पंधरा सेकंद वाजलं आणि टक्कन यंत्र थांबलं.

"आणि बाकीचं टायटल साँग कुठंय? ते पन्नास सेकंदांचं आहे!"

दिनकररावांची कानशिलं तापली. वेग उतरवला म्हणजे लांबी वाढणार, हे शिकाऊ उमेदवारालाही कळतं. "तुमची गाणी संपल्यासारखी संपतच नाहीत, तर मला कसं कळणार?" ते तडकले. "पन्नास सेकंदांचं गाणं! त्यापेक्षा शिंक लांब असते!"

"अहो," वीणाताई मध्ये पडल्या, "भांडण संध्याकाळी करा. किती होतील ते बघा आधी."

तीनपर्यंत आठ फेऱ्या होणार होत्या. चोवीस कॅसेट. कृतिकाने लॅपटॉप जोडला. "हात नका लावू कशालाच," ती म्हणाली. दिनकररावांना ते झोंबलं. स्वतःच्या यंत्रांपुढे ते पाहुण्यासारखे बसले. काटा लाल पट्ट्यात जाऊन थरथरू लागला. त्यांचा हात दोनदा बटणाकडे गेला. दोन्ही वेळा तिने नुसतं पाहिलं.

तीन वाजता चोवीस कॅसेट पिशवीत भरून ती निघाली. "येते," एवढंच म्हणाली.

उरलेल्या छत्तीस समोर होत्या. पहिल्या तीन पुसून त्यांनी पुन्हा लावल्या, तेव्हा त्यांना पानिपतच्या कौशल्याबाई आठवल्या. भजनं फार चढ्या लयीत म्हणायच्या. त्यांनी ती सावकाश करून, छान गोड करून दिली होती. बाई कॅसेट घेऊन गेल्या आणि पुन्हा कंपनीत आल्या नाहीत. समाधान झालं असेल, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. विचारलं मात्र नव्हतं. कुणालाच विचारलं नव्हतं. आता विचारायचं म्हटलं तर बाईंचा पत्ता नव्हता, कंपनी नव्हती, गायकांच्या पत्त्यांची वहीसुद्धा नव्हती.

"चहा घेता का?" वीणाताईंनी विचारलं.

"आधी हे होऊ दे," ते चिडून म्हणाले. हेडफोन न काढता, दोन्ही हात मांडीखाली दाबून, त्यांनी ती बारा गाणी आहेत त्याच वेगाने शेवटपर्यंत ऐकली. त्यांना ती मुळीच आवडली नाहीत. मग त्यांनी पुढच्या तीन कॅसेट लावल्या.