मागाच्या खड्ड्यातली तांबडी

मी कुत्री सांभाळते. लोक लग्नाला जातात, गावाला जातात, दवाखान्यात भरती होतात, तेव्हा त्यांची कुत्री आमच्या घरी राहायला येतात. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापासून आमचं घर लांब नाही. समोर लहानसं अंगण, मग दोन खोल्या आणि मागे एक लांबट खोली. तिला आम्ही अजून मागाची खोलीच म्हणतो. बाबांचा हातमाग तिथं होता. गुडघे गेल्यावर त्यांनी विणणं सोडलं आणि माग उमरेडच्या एका नातेवाइकाला देऊन टाकला. पण मागावर बसताना पाय सोडायला जमिनीत जो खड्डा असतो, तो तसाच राहिला. दर दिवाळीला तो बुजवायचं ठरतं आणि राहून जातं.

सुरुवातीला माझ्याकडे साधी, लाडावलेली कुत्री यायची. मग आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर मला वेगळीच कुत्री पाठवायला लागले. कुणी गाडीखाली सापडलेलं, कुणी साखळीला बांधून मार खाल्लेलं. चांगल्या माणसांनी त्यांना घरी आणलेलं असतं, पण कुत्र्याला ते अजून पटलेलं नसतं. भांडं पडलं की ते थरथरतं, हात वर केला की जमिनीला चिकटतं. अशांना घेऊन बसणं हेच हळूहळू माझं काम झालं. बसणं हा शब्द मी मुद्दाम वापरते. त्यात शिकवणं कमी आणि बसणं जास्त असतं.

तांबडी आली ती मे महिन्यात. तिच्या घरचे दोघं पन्नाशीचे, नवरा-बायको. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला, ती विम्याच्या कार्यालयात. एका सकाळी शिफ्ट सुटल्यावर त्याला कारखान्याबाहेरच्या नालीत ही कुत्री दिसली होती. मागचा पाय मोडलेला. कुणाच्या मोटरसायकलनं उडवलं की कुणी मारलं, ते कळलं नाही. त्यानं अंगातला शर्ट काढला, तिला त्यात गुंडाळलं आणि डॉक्टरकडे नेलं. पाय बरा झाला. कुत्री मात्र त्यांच्या घरात वॉशिंग मशीनमागे जाऊन बसली ती बसलीच. सगळे झोपले की बाहेर येऊन खायची आणि परत मागे जायची. त्यांची मुलगी पुण्याला, तिचं बाळंतपण आलेलं, दोघांनाही जाणं भाग होतं.

ऑटोतून त्यांनी मोठं खोकं उतरवलं. बाई मला म्हणाली, "ताई, ही तुम्हाला काहीच त्रास देणार नाही. ती तुम्हाला दिसणारच नाही."

 तिचा नवरा खोक्याजवळ उकिडवा बसला आणि भोकातून आत बघत राहिला. निघताना तेवढंच म्हणाला, "रोज फोन केला तर चालेल का?"

मी खोकं मागाच्या खोलीत उघडलं. आतून तांबड्या रंगाची, लांब कानांची, हाडकुळी कुत्री सरपटत निघाली. भिंतीभिंतीनं गेली आणि सरळ खड्ड्यात उतरली. आत अंधार, गारवा, चारी बाजूंनी माती. तिला हवं ते मिळालं होतं.

बाबा दारात येऊन उभे राहिले. खड्ड्यात वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "काहून आणलं वं हे? कुत्रं हाय का उंदीर?"

"भेलेली हाय बाबा."

"कोणाले?"

"सगळ्यायले."

ते काठी टेकत कूलरपाशी परत गेले. बाबांना कुत्र्यांचा राग नव्हता, पण घरात कुत्री असण्याचं त्यांना कौतुकही नव्हतं. आमचा म्हातारा काळ्या एवढाच त्यांना मान्य. तो इथंच वाढलेला, आता निम्मा बहिरा झालेला आणि कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला.

मी रोज सकाळी खड्ड्यापासून लांब, भिंतीला टेकून बसायला लागले. तिच्याकडे तोंड करायचं नाही, कूस वळवून बसायचं. डोळ्यांत बघायचं नाही. उकडलेल्या कोंबडीचे तुकडे टाकायचे, तेही माझ्या बाजूला नाहीत, तिच्या पलीकडे. म्हणजे खायला तिला माझ्याजवळ यावं लागत नाही, उलट लांब जायला मिळतं. भेलेल्या जिवाला आधी हेच कळावं लागतं की लांब जायची मोकळीक आपल्याला आहे. सुरुवातीला मी असताना ती खातच नव्हती. मी खोलीबाहेर पडले की तुकडे नाहीसे व्हायचे. मग एकदा मी निवडायची मेथी घेऊन बसले होते, तेव्हा मागे हळूच चावण्याचा आवाज आला. मी मान वळवली नाही. मेथी निवडत राहिले.

काळ्यानं माझ्यापेक्षा जास्त काम केलं. त्याला ती भेलेली आहे हे माहीतच नव्हतं. तो यायचा, खड्ड्याच्या काठावर अंग टाकायचा आणि घोरायचा. पहिल्यांदा तिनं खड्ड्याबाहेर मान काढली ती त्याला हुंगायला.

मग बाबाही तिथं यायला लागले. दुपारी वीज गेली की कूलर बंद, आणि मागाची खोली तेवढी गार. ते खुर्ची टाकून पेपर वाचायचे. कानानं कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं वाचायचे. बाजारभाव, निधनवार्ता, सगळं एका सुरात. मी विचारलं, "बाबा, तिच्यासाठी वाचून राहिले का?"

"तिच्यासाठी काहून? इथं थंड हाय."

पण त्यांची खुर्ची रोज थोडी पुढे सरकत होती आणि वाचताना मध्येच ते खड्ड्याकडे बघून थांबत होते. आठवडाभरानंतर ती खड्ड्याबाहेर, काळ्याच्या पाठीमागे झोपायला लागली. पुढे काळ्या अंगणात गेला की ती उंबऱ्यापर्यंत यायची. आणि एका सकाळी अंगणातही आली, शेपटी पोटाखालीच, पण आली. मी त्या माणसाला फोनवर सांगितलं.  तो म्हणाला, "ऊन लागते ना तिच्या अंगाला?" मी म्हटलं, "हो, सकाळचं." तो म्हणाला, "बरं झालं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. सिलिंडरवाला आला. तो नेहमी बाहेरून हाक मारतो, पण त्या दिवशी पाठीवर ओझं असल्यामुळे त्यानं पायानं गेट ढकललं आणि अंगणाच्या फरशीवर सिलिंडर सोडलं. घणघणाट झाला. तांबडी आणि मी पुढच्या खोलीत फरशीवर होतो. ती माझ्या अंगावरून उडी मारून, त्याच्या दोन पायांमधून, गेटबाहेर गेली. मी दारात पोचेपर्यंत गल्ली रिकामी.

सिलिंडरवाला पांढरा पडला. "ताई, मले माहीत नव्हतं."

मी त्याला बसायला सांगितलं की जायला, आता आठवत नाही. मला फक्त उन्हाचा रस्ता दिसत होता. दुपार व्हायला आली होती. मेमधला नागपूरचा डांबरी रस्ता, आणि एवढे दिवस आडोशाला राहिलेली कुत्री. ती थांबणार नाही, आणि थांबली तर गाडीखाली किंवा एखाद्या ढिगामागे, जिथं कुणालाच दिसणार नाही.

बाबा काठी घेऊन दारात आले होते. मी म्हटलं, "बाबा, गेट उघडंच राहू द्या. ती आली तर हाका मारू नका, उठू नका. फक्त बघा."

"तू जा," ते म्हणाले. "मी हाय इथं."

आधी मी पुण्याला फोन केला. लपवून ठेवणं मला जमलं नसतं. बाईनं उचलला. मी सांगितलं, गेट उघडं राहिलं, ती पळाली, मी शोधायला निघाले आहे. पलीकडे बाळाचं रडणं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही आधी डोक्याला दुपट्टा बांधा. मग जा." एवढंच. ती रागावली असती तर मला ते सोपं गेलं असतं.

मी गल्ल्या पालथ्या घातल्या. तलावाच्या बाजूला गेले, कारण पाणी तिथं होतं. रसवंतीवरच्या बाईनं सांगितलं की एक तांबडी कुत्री कान मागे टाकून पळून राहिली होती, नव्या बांधकामाकडे गेली. तिथं गेले तर चार-पाच माणसं जमलेली. सेंट्रिंगच्या फळ्यांचा ढीग होता आणि त्यांच्यातल्या एकानं पोतं धरलं होतं. ती फळ्यांखाली आहे, ओढून काढतो, असं त्यांचं चाललं होतं. माणसं चांगली होती. मदतच करत होती.

मी म्हटलं, "भाऊ, हात जोडते, सगळे जरा लांब व्हा. तिले कोणी ओढू नका."

"मग निघन कशी?"

"मी घेऊन येते तिच्या दोस्ताले."

बांधकामावर राहणाऱ्या बाईला मी म्हटलं की इथंच बस, कुणाला जवळ येऊ देऊ नको. ती पदर डोक्यावर घेऊन सावलीत बसली. मी घरी धावले. बाबा गेटशेजारी, भिंतीच्या हातभर सावलीत खुर्ची टाकून बसलेले होते. गेट सताड उघडं. त्यांनी फक्त डोळ्यांनी विचारलं. "सापडली," मी म्हटलं, "पण हातात नाही आली." काळ्याला पट्टा लावला, पाण्याची बाटली आणि वाटी घेतली.

काळ्याला उन्हात चालवणं जिवावर येत होतं. सावली सावलीनं त्याला नेलं, पायांवर पाणी ओतत. बांधकामापाशी मी फळ्यांकडे पाठ करून रेतीवर बसले. डोक्यावरचा दुपट्टा काढला, नाहीतर मागून मी तिला ओळखू आले नसते. वाटीत पाणी ओतलं. काळ्या थोडं पाणी प्याला, मग त्यानं नेहमीसारखं अंग टाकलं आणि डोळे मिटले. लांब उभी असलेली माणसं आधी हसली, मग त्यांच्यातल्या एकानं पोतं खाली ठेवलं. मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी बाबांसारखी बोलायला लागले. टमाटे काय भाव, कांदा काय भाव, एका सुरात.

किती वेळ गेला ते माहीत नाही. पाठ घामानं भिजली होती. मग रेती सरकल्याचा आवाज झाला आणि माझ्या उजव्या कोपराला ओलं नाक लागलं. मी भाव सांगत राहिले. ती मला ओलांडून काळ्याजवळ गेली, त्याचं तोंड चाटलं आणि वाटीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं. तिच्या घरच्यांनी आणतानाच घातलेला छातीचा पट्टा तिच्या अंगावर होता. मी हात हळूच खालून नेला आणि त्याला दोरी अडकवली. ती थरथरली, पण सरकली नाही. तेव्हा मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

बांधकामावरची बाई म्हणाली, "आता जाय वं माय, ऊन उतरलं."

घरी येताना काळ्या पुढे, ती त्याच्या शेपटीला नाक लावून मागे, आणि मी सगळ्यांत मागे. बाबा तसेच बसलेले होते. चेहरा लाल झालेला, शर्ट ओला. आम्ही आत आलो तेव्हाही ते उठले नाहीत, कारण मी उठू नका म्हटलं होतं. ती त्यांच्या खुर्चीपाशी थांबली आणि त्यांच्या चपला हुंगल्या. मी गेट लावलं, कडी घातली, मग ते म्हणाले, "उठू का आता?"

मी त्यांना ताक दिलं आणि पुण्याला फोन लावला. या वेळी त्यानं उचलला. "आली," मी म्हटलं.  मागून बाईचा आवाज आला, "आली का? आली का हो?" आणि मग दोघंही एकदमच बोलायला लागले.

मला वाटलं होतं की इतक्या दिवसांचं सगळं वाया गेलं, ती परत खड्ड्यात जाईल आणि आपल्याला पहिल्यापासून बसावं लागेल. पण त्या संध्याकाळी ती पुढच्या खोलीत, कूलरच्या हवेत, फरशीवर पाय ताणून झोपली. जणू काय व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि तिला ते पुरलं होतं. खरं कारण मला माहीत नाही. भेलेल्या कुत्र्यांबद्दल मला बरंच कळतं असं लोकांना वाटतं, पण अशा वेळी मी फक्त बघते.

ते दोघं तिला न्यायला आले तेव्हा मी आधीच सांगून ठेवलं होतं की अंगणात खाली बसा, तिच्याकडे बघू नका. तो भिंतीला कूस करून बसला, डोळे जमिनीवर. ती उंबऱ्यात उभी राहिली. मग सावकाश गेली, त्याच्या शर्टाची बाही हुंगली, परत एकदा हुंगली आणि त्याच्या मांडीवर हनुवटी टेकवली. तो हललाही नाही. त्याची बायको तोंडावर पदर धरून उभी होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ऑटो गेला. आता ती त्यांच्या सोसायटीच्या बागेत फिरते, लहान पोरांपासून लांब राहते, मोठा आवाज झाला की अजून दचकते. पण दचकून बाईच्या पायाशी येते, मशीनमागे जात नाही. बाईनं मला तसा फोटो पाठवला आहे.

त्या दिवशी ऑटो वळणावर दिसेनासा झाला, तरी बाबा गेटशी उभे होते. मी म्हटलं, "चला आत, ऊन हाय."

ते वळले आणि काठी टेकत म्हणाले, "त्यायच्या पोरीचं बाळ आता पुण्यालेच राहीन ना?"

"हो. काहून?"

"तसं नाही. म्हणजे त्यायले बाळ पाहाले पुन्हा जावं लागन."

"लागन बाबा."

"मग बरं हाय," ते म्हणाले, आणि पेपर शोधायला आत गेले.