धक्क्यावरचे मामा

तुम्ही म्हणाल, अनोळखी माणसाला नुसता हात केला तर त्यात बिघडतं काय? मीही असंच समजायचो. चहा घ्या, सांगतो काय बिघडलं ते.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मी कोलशेतच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होतो आणि डोंबिवलीत एका खोलीत राहायचो. आई आदल्या वर्षी गेलेली. वडील मला आठवतही नाहीत, भावंड नाही. मे महिना आला की कारखान्यात जो तो विचारायचा, "काय, सुटीत कुठे?" कुणी मामाकडे, कुणी सासुरवाडीला. मला जायला ठिकाणच नव्हतं. तेवढ्यात एका आगबोट कंपनीची जाहिरात दिसली. मुंबईहून कोचीन, तिथं थोडे दिवस मुक्काम आणि त्याच बोटीनं परत. म्हटलं, चला, निदान विचारणाऱ्यांना सांगायला काहीतरी झालं.

बोट सुटायच्या वेळी सगळे उतारू कठड्याशी गोळा झालेले. खाली धक्क्यावर त्यांची माणसं. रुमाल हलतायत, डोळे पुसतायत, कुणी लोणच्याची बरणी विसरली म्हणून ओरडतंय. मला पोचवायला कोण येणार? मी आपला दोन्ही हात खिशात घालून उभा. भोंगा वाजला, बोट हलली, आणि मला एकदम फार ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या गर्दीत हात न हलवणारा मी एकटाच.

खाली काळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ जोरजोरानं रुमाल हलवत होते. मी त्यांना हात केला. बरं वाटलं हो. मग दोन्ही हात केले. मग ओरडलो, "तब्येतीला जपा!"

शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलं, "कोण तुमचे ते?"

"मामा," मी म्हटलं. तोंडाला आलं ते बोललो.

ते गृहस्थ वळले. मग पलीकडे उभ्या बायकोला म्हणाले, "कुमुद, इकडे ये जरा. तुझ्या वडिलांना एवढा मोठा भाचा आहे, हे मला कुणी सांगितलं नाही ते?"

तुम्हीच सांगा, अख्ख्या धक्क्यावर मला दुसरा मामा मिळू नये?

हे वसंतराव, ठाण्याच्या कोर्टात वकील. पण उलटतपासणी त्यांनी बायकोवर सोपवली. कुमुदताईंनी मला नीट न्याहाळलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही बेळगावच्या गोदाआत्याचे का? तात्यांचं आणि तिचं वाटणीवरून बिनसलं ना, तेव्हापासून येणंजाणं बंद आहे. आम्ही तिच्या मुलांना पाहिलेलंसुद्धा नाही."

इथं 'नाही' म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण त्या म्हणाल्या, "चला, आधी दोन घास खाऊन घ्या. एकटे आलात की काय?" आणि माझ्या तोंडून निघालं, "हो." आता ते 'हो' कुठल्या प्रश्नाला, हे विचारायच्या फंदात कुणी पडलंच नाही.

त्यानंतर माझं जेवण त्यांच्या टेबलावर. बोटीवरचा बेचव रस्सा बाजूला सारून कुमुदताई डब्यातलं मेतकूट काढायच्या, माझ्या भातावर तूप घालायच्या. वर्षभरात माझ्या पानात दुसऱ्या कुणी वाढलं नव्हतं. दुपारी डेकवर बसून त्या आत्याबद्दल विचारायच्या, आणि मी माझ्या आईबद्दल सांगायचो. आमटीत गूळ जरा जास्तच घालायची. मी घरी आलो की आधी कपाळाला हात लावून बघायची, ताप असो नसो.

"अगदी आमच्याकडच्यासारखं," कुमुदताई म्हणायच्या. "मग आता कशी आहे आत्या?"

"गेली," मी म्हटलं. "गेल्या वर्षी."

बोलून गेल्यावर उमगलं की मी कुणाची आई मारली.

कुमुदताईंच्या डोळ्यांना धार लागली. मग त्या उठल्या. "ऐकल्यावर अंघोळ तरी करायला हवी."

"मीसुद्धा?" वसंतरावांनी विचारलं. "मी तर तिला पाहिलेलीही नाही."

"करा म्हटलं ना."

बोटीवर अंघोळीला खारं पाणी. अंगाला साबण चोपडला तरी फेस येईना. वसंतराव चडफडत बाहेर आले, अंग चिकट, केस उभे, आणि माझाच खांदा थोपटून म्हणाले, "धीर धरा." केबिनमध्ये जाऊन मी उशीत तोंड खुपसलं. कोचीनला उतरलं की सगळं सांगून टाकायचं ठरवलं.

कोचीनला उतरल्यावर वसंतराव घाईनं कुठेतरी गेले आणि परत येऊन म्हणाले, "तात्यांना तार केली. गोदाआत्या गेली, तिचा मुलगा बोटीवर भेटला, असं कळवलं. वर्ष झालं तरी सख्खी बहीण हो, कळवायला नको?"

मग मी काय सांगणार होतो? परतीच्या प्रवासात माझ्या घशाखाली मेतकूट-भातही उतरेना. कुमुदताईंना वाटलं, आईच्या आठवणीनं. दर जेवणाला त्या तूप वाढवत होत्या.

मुंबईला बोट धक्क्याला लागली. खाली काळ्या टोपीतले तात्या उभे. त्यांच्या शेजारी नऊवारीतल्या एक ठेंगण्या बाई, कमरेवर हात ठेवून.

झालं होतं असं. तार मिळाल्यावर तात्या ओक्साबोक्शी रडले, तसेच बेळगावच्या गाडीत बसले आणि बहिणीच्या दारात पोचले. बहीण अंगणात कुरडया वाळत घालत होती. दोघांनी गळ्यात पडून पुन्हा रडून घेतलं, वाटणीचा विषयही निघाला नाही. मग आपल्याला कुणी मारलं ते बघायला गोदाआत्या स्वतः आल्या.

मी फळीवरून उतरलो. पळायला जागा नव्हती.

"हाच का माझा मुलगा?" त्यांनी विचारलं. "मला दोन मुलीच आहेत, म्हणून विचारते."

मी मान खाली घातली. कुमुदताई पाठीमागे, वसंतरावांचं वकिली तोंड उघडं.

"का रे," गोदाआत्या म्हणाल्या, "मी गेले तेव्हा रडलास तरी का?"

"रडलो," मी म्हटलं. "पुष्कळ रडलो." आणि तिथं, हमालांच्या गर्दीत, मला पुन्हा रडू फुटलं.

त्या माझ्याजवळ आल्या. मग कपाळाला हात लावून बघितला. "बरं," त्या म्हणाल्या. "आता रडत उभा राहू नकोस. ती वळकटी उचल. ती नारळांची करंडी घे. ठाण्याला जेवायला चल, तिथं सांग सगळं."

मी वळकटी घेतली, करंडी घेतली, वसंतरावांची ट्रंकसुद्धा डोक्यावर घेतली. गाडीत सगळ्यांच्या मधोमध बसलो. ठाण्याला त्यांच्या दारात एकेक नग मोजून उतरवला, तेव्हा लक्षात आलं.

माझी स्वतःची बॅग बोटीवरच राहिली होती.