फोनवरचे पाहुणे

१२ मार्च २००४. निरगुडसरच्या शेतात मी काढलेल्या कांद्यांची पात कापत होते. इंजिनिअरिंग होऊन आठ महिने झाले होते आणि पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा फोन मुलाखतीसाठी येणार होता. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून अर्जावर शेजारच्या काकूंचा नंबर दिला होता.

काकू बांधावरूनच ओरडल्या, "अगं पळ! पुण्याचं पावणं हायेत फोनवर. शिक्षण इचारलं, पुण्यात ऱ्हायला तयार हाय का म्हणले. मी उंची सांगितली, सैपाक येतो म्हणून सांगितलं."

"काकू, ते स्थळ न्हाय! नोकरीचा फोन हाय!"

"आत्ता गं बया! म्हणूनच मी पोराचा पगार इचारला तर हसत व्हते!"

विळा टाकून मी धावत सुटले. रिसीव्हर टेबलावर आडवा होता, फोन अजून चालू होता. मी धापा टाकत 'हॅलो' म्हटलं.

पलीकडचे साहेब म्हणाले, "उंची कळली, स्वयंपाक कळला. आता प्रोग्रॅमिंगकडे वळू या?"

मला इतकं हसू आलं की भीतीच गेली. वीस मिनिटं मी धडाधड उत्तरं दिली. एक येत नव्हतं, ते येत नाही म्हणून सांगितलं.

"उद्या अकराला शेवटच्या मुलाखतीला या. निकाल याच नंबरवर कळवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या फोनशेजारी मी चिठ्ठी चिकटवली, 'कंपनीचा फोन आला तर फक्त मला हाक मारा', आणि पुण्याची पहिली एसटी पकडली.